चार उपाशी ओळी

"जाऊबाई, बुरशी पोसायला सून आणलीत का हो?" धाकट्या जावेनं बांधापलीकडून विचारलं.

मी नुसती हसले. सगळं गाव माझ्या सुनेला बुरशीबाई म्हणायचं. शेतातल्याच मातीतली बुरशी ती बरण्यांत वाढवायची, तिचं पाणी गाळून त्यात जस्ताचा क्षार घालायची. त्याचे डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक कण व्हायचे. ते फवारले की मक्याची पानं पांढरी पडत नाहीत आणि मातीही नासत नाही, म्हणायची.

परीक्षेसाठी महिनाभर शहरात जाताना तिनं फवारणी माझ्यावर सोपवली.

"आई, ह्या चार ओळींना औषध, त्या चारांना नुसतं पाणी. मी येईन त्याच दिवशी कॉलेजचे सर बघायला येतील. फरक दिसला तर प्रयोगशाळेतली जागा मला."

"म्हणजे त्या चार उपाशी?"

"उपाशी कसल्या हो! तुलनेला ठेवल्यात."

पंधराव्या दिवशी त्या चार ओळींच्या पानांवर पांढरे पट्टे उठले. पंगतीत एकाला तूप आणि शेजारच्याला कोरडं, असं मी जन्मात वाढलं नाही. पंपात उरलेलं औषध त्यांनाही दिलं. मग रोजच देत गेले.

सरांनी पट्टी लावून मका मोजला. "आठही ओळी सारख्याच. तुमच्या औषधानं काहीच फरक नाही, बाई."

सुनेचा चेहरा उतरला. मी पुढे झाले. "साहेब, मीच सगळ्यांना घातलं. पलीकडे जावेचा मका बघा, कसा पांढराफटक पडलाय."

"ती जमीन वेगळी, आजी." ते मायेनं हसले. "सुनेसाठी जीव तुटतो, कळतं मला. पण खोटं बोलू नये."

खोटं न बोलण्याचं माझं व्रत तीस वर्षांचं. 

सर गेल्यावर सून बरण्या घासायला बसली.

"तुला तरी पटतंय ना गं?"

"पटतंय ना, आई. तुम्ही कुठं खोटं बोलता?"

"मग पुढच्या वर्षी पुन्हा कर."

"जागा एकच होती." ती मान खाली घालून घासत राहिली.

तेवढ्यात दारात धाकटी जाऊ आली. हातात रिकामा डबा. "जाऊबाई, तुमच्या मक्याला घातलं ते बुरशीचं पाणी थोडं द्या की. माझा पार गेला हो."

सुनेनं शेवटची बरणी विसळली आणि उन्हात पालथी घातली.