अर्गिरोनं कधी यावं

मे महिना कसा असतो, हे कालिओपी दोन तऱ्हांनी सांगायची. तिच्या भाड्याच्या खोल्यांसाठी जर्मनीहून कुणाचा फोन आला, की मे म्हणजे नुसता स्वर्ग! डोंगरभर फुलं, समुद्र शांत, गर्दीचं नाव नाही. आणि मेलबर्नहून धाकट्या बहिणीनं, अर्गिरोनं विचारलं, की त्याच मे महिन्यात म्हणे वाऱ्यानं खिडक्या निखळायच्या आणि बोटी बंद पडायच्या. बाई एकच, बेट एकच, पण जीभ जराही अडखळायची नाही.

अर्गिरोचं मागणं तसं काही मोठं नव्हतं. आई गेली तेव्हा तिला येता आलं नव्हतं. आता आईला काढायची वेळ जवळ आली होती. बेट टीचभर, दफनभूमी त्याहून लहान. चार-पाच वर्षांनी थडगं उघडायचं, घरच्या बायकांनी अस्थी वाइननं धुवायच्या, पेटीत ठेवायच्या आणि पेटी चॅपलमागच्या खोलीत न्यायची, ही रीत तिथं कुणालाच चुकलेली नाही.

"मी आल्याशिवाय आईला काढू नका," अर्गिरो फोनवर बजावायची. "तिचं डोकं मला माझ्या हातानं धुवायचंय, ताई. कधी येऊ तेवढं सांग."

"ईस्टरला नको बाई. बोटीत उभं राहायला जागा नसते."

"मग मे?"

"मे? वेडी का काय तू!"

खरी गोष्ट अशी, की ईस्टरपासून सगळ्या खोल्या भाड्यानं गेलेल्या होत्या. अर्गिरो लहानपणी झोपायची ती समुद्राकडची सुद्धा. बहीण आली तर एक गिऱ्हाईक घालवावं लागणार. पण हे सख्ख्या बहिणीला कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून बिचारं हवामान पुढं करायचं.

मे महिन्यातच पाद्रीबाबांनी तिला गाठलं. "कालिओपी, जागा हवीय गं. म्हाताऱ्या स्तेलिओसचं काही खरं नाही. या शनिवारी तुझ्या आईला, फ्लोराला, काढू या."

"अहो, अर्गिरो यायचीय."

"कधी?"

कालिओपीनं शनिवार कबूल केला. गेलं वर्षभर तिनंच तर बहिणीला येऊ दिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी थडगं उघडलं. आईची जन्माची मैत्रीण झांबेता वाइनची बाटली आणि पांढरं कापड घेऊन हजर होती. तेवढ्यात बंदरावर बोटीचा भोंगा वाजला. कालिओपीचे नवे पाहुणे त्याच बोटीनं येणार होते.

"मावशी, तू सुरू कर. मी पाहुण्यांना खोल्या दाखवून आलेच."

आलेच म्हणाली, पण कुठली येते! आधी पाहुण्यांच्या बॅगा, मग न्हाणीघराचा गळका नळ, मग त्यांची मुलं भुकेली म्हणून आमलेटं. कुणालाही सांगता आलं असतं, बाबांनो, माझ्या आईला काढतायत, तासभर थांबा. कोण नाही म्हणालं असतं? पण इंटरनेटवर वाईटसाईट लिहितील, ही धास्ती. आईच्या हाडांची भीती वाटली असती तरी बोलायला तोंड राहिलं असतं. तसंही काही नव्हतं. ती धापा टाकत टेकडीवरच्या दफनभूमीत पोचली तेव्हा पेटी बंद झाली होती. झांबेताचे हात वाइननं लाल झालेले. "झालं," म्हातारी म्हणाली आणि कापड पिळत बसली.

दुसऱ्या दिवशी मेलबर्नला फोन. पाद्रीबाबा ऐकेचनात, माझा नाइलाज झाला, वगैरे वगैरे. अर्गिरो पोटभर रडली. मग नाक ओढत तिनं विचारलं, "तू होतीस ना गं जवळ?"

"म्हणजे काय! मीच धुतलं ना सगळं. मेणासारखी पिवळी, स्वच्छ निघाली आई."

पुण्यवान माणसाची हाडं तशी निघतात म्हणतात, म्हणून ती तसं बोलून गेली. रंग खरा कसा होता, हे तिनं झांबेताला विचारलंसुद्धा नव्हतं.

त्या दिवसापासून कालिओपीला बहिणीच्या येण्याचा धसकाच बसला. आधी गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून टाळत होती, आता बिंग फुटू नये म्हणून टाळायला लागली. जुलैत उत्तरेचा वारा, सप्टेंबरात द्राक्षांची तोडणी, नोव्हेंबरात पाऊस आणि तिची गुडघेदुखी. झांबेता रस्त्यात दिसली की ही गल्ली बदलायची. आपल्याच गावात चोरासारखी वावरायची, आणि घरी आल्यावर स्वतःचाच राग राग करायची.

जानेवारीत अर्गिरो म्हणाली, "ताई, आता मी विचारत नाही, सांगतेय. फेब्रुवारीत येतेय. तिकीट काढलं."

फेब्रुवारीत सगळ्या खोल्या रिकाम्या. आता सबब तरी कुठली काढणार? कालिओपी बदामाच्या वड्यांची बशी घेऊन झांबेताच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मावशी, अर्गिरो येतेय."

"मग? मी काय नाचू?"

"तसं नाही गं. तिनं तुला काही विचारलं तर..."

"तर काय? बोल की तोंड उघडून."

कालिओपीनं बशीच पुढं केली. म्हातारीनं बशी घेतली, वड्या डब्यात ओतल्या, बशी विसळून हातात दिली आणि दार लावून घेतलं.

अर्गिरो आली ती बॅग घरात टाकून तशीच टेकडीवर निघाली. झांबेता अस्थींच्या खोलीत दिव्यात तेल घालत होती. कालिओपीचे पाय उंबऱ्यातच थबकले. अर्गिरोनं आईच्या पेटीवर कपाळ टेकलं. मग वळली, थोरल्या बहिणीचे दोन्ही हात धरले आणि झांबेतादेखत त्यांचे मुके घेतले.

"या हातांनी धुतलंस ना आईला. माझ्या वाटचंही तूच केलंस, ताई."

आता तरी बोल, असं कालिओपीला आतून कुणीतरी ओरडून सांगत होतं. तिनं झांबेताकडं पाहिलं. म्हातारी वात सारखी करत होती.

"अगं, सोड हात. गार पडलेत," कालिओपी एवढंच म्हणाली.

"नाही सोडत. आधी वचन दे. तिकडं माझं काही झालं तर मला इकडं आण. पोरांना यातलं काही कळत नाही. माझी वेळ येईल तेव्हा मला तूच काढ, तूच धू. दुसऱ्या कुणाचा हात नको."

"काहीतरीच! मी मोठी. मी आधी जाणार."

"मग हो म्हणायला तुझं काय जातंय?"

ती हात सोडेना. डोळे भरून आलेले, आणि त्यांत संशयाचा मागमूस नाही. ते बघवेना, म्हणून कालिओपीनं मान खाली घातली.

"हो," ती म्हणाली.

झांबेतानं तेलाची बाटली खाली ठेवली, पेटीवरची धूळ डोक्यावरच्या काळ्या रुमालाच्या टोकानं पुसली आणि पेटीशीच बोलली, "ऐकलंस का गं फ्लोरा? तुझी थोरली हो म्हणतेय."