सोनखताची वाट

सोजराबाई वांग्यांच्या वाफ्यात बसून खुरपत होती. बांधावरून परक्या माणसाने हाक मारली, तशी तिने पदर सारखा केला आणि खुरपं हातात तसंच ठेवून उठली.

"बाई, जमीन जरा बघायची आहे. आत येऊ का?"

हाक मारणारा पन्नाशीकडे झुकलेला, उन्हाने रापलेला माणूस होता. डोक्यावर खाकी टोप, पायांत धुळीने माखलेले बूट. मागे दोघे जण उभे होते. एकाच्या खांद्यावर मोजणीची साखळी होती, दुसऱ्याच्या काखेत झेंड्यांच्या काठ्या.

"या ना," सोजराबाई म्हणाली. "पुसता काऊन?"

पुसण्याला कारण होतं. सकाळपासून त्या माळीमळ्यात कुणीही त्यांना बांधावर पाय ठेवू दिला नव्हता. शेजारच्या अर्जुनरावाने तर कुत्रं सोडलं होतं. ते भुंकणं सोजराबाईने ऐकलं होतं. काय झालं म्हणून बघायला जावं असं तिच्या मनातही आलं होतं. पण अर्जुनरावाच्या घरी जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि आज गेलं तर इतके दिवस का आली नाहीस याचंही उत्तर द्यावं लागलं असतं.

तिने निंबाखाली बाज टाकली. तांब्या भरून आणला, वाटीत गुळाचा खडा आणला. साहेबाने हात पुढे केला नाही.

"मी कशासाठी आलोय ते आधी ऐका. मग पाणी द्यायचं की नाही ते ठरवा."

"पानी देयाचं का काम इचारून असते?"

तेव्हा तो तांब्या घेऊन घटाघटा प्यायला. सकाळपासून त्याला कुणी पाणी विचारलं नव्हतं, हे त्याच्या पिण्यावरूनच कळत होतं.

साहेबाचं नाव भगवंतराव. बुलढाण्याच्या कचेरीतून आलेला. महाराष्ट्राचं राज्य होऊन तीनेक वर्षं झाली होती आणि दिवस योजनांचे होते. ज्यांच्या वाट्याला धरणं, शाळा, रस्ते आले होते, ते साहेब गावोगाव हार घालून घेत फिरत होते. भगवंतरावाच्या वाट्याला मैला आला होता. जिल्ह्यातल्या शहरांचा आणि मोठ्या गावांचा मैला पुढच्या पंचवीस वर्षांत कुठे न्यायचा, त्याचं खत कसं करायचं, कुठल्या डेपोने कुठली गावं सांभाळायची, याचा आराखडा त्याला करायचा होता. लोक त्याला तोंडावर साहेब म्हणत आणि पाठ फिरली की सोनखत.

त्याने नकाशा बाजेवर पसरला. सोजराबाईला वाचता येत नव्हतं, तरी ती वाकून पाहू लागली.

"हे तुमचं शहर. आज संडासांतल्या टोपल्यांचा मैला गाड्यांत भरतात आणि जागा दिसेल तिथे ओततात. नाल्यात जातो, तिथून विहिरींत. दरवर्षी पटकी येते ती उगाच नाही. आता शहर वाढणार. उंद्री, साखरखेर्डा, हीसुद्धा वाढणार. तेव्हा धावाधाव करण्यापेक्षा आत्ताच जागा धरून ठेवायच्या. लांब चर खणायचे, एक थर केरकचऱ्याचा, एक मैल्याचा, वरून माती. चार-सहा महिन्यांत काळंभोर खत होतं. हातात घेतलं तरी वास येत नाही."

"अन् हे समदं माह्या वावरात?"

"तुमच्या पडीक तुकड्यात. सरकार मोल देईल. जबरदस्ती नाही."

सोजराबाई बराच वेळ नकाशावरच्या निळ्या रेघेकडे बघत राहिली. तो नाला होता, असं साहेबाने सांगितलं होतं.

"गाड्या रोज येतीन?"

"रोज सकाळी."

"सनावारालेही?"

"मैल्याला कसला सण, बाई?"

"अन् गाडीसंगं मानसं असतीन."

"असणारच. शिवाय डेपोवर एक राखणदार. खत झालं की शेतकरी न्यायला येतील. वर्दळ राहील इथे," भगवंतराव म्हणाला, आणि आपण वाईट बाजू लपवली नाही याचं त्याला समाधान वाटलं.

"मंग घ्या," सोजराबाई म्हणाली.

भगवंतरावाला वाटलं, तिला नीट कळलेलं नाही. त्याने वाऱ्याचं सांगितलं, माश्यांचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हटलं. पडीक तुकड्यात झेंडे रोवून झाल्यावर, जाताना तो बांधावर थांबून तिला नमस्कार करून गेला.

तिचा नवरा पुंजाजी होता तोवर हा मळा नांदता होता. मोटेवर त्याचं गाणं चाले आणि ते अर्ध्या शिवाराला ऐकू जाई. तो गेला, पाठोपाठ मोटेचा एक बैल गेला, दुसरा विकावा लागला. लेक विमल रोहिणखेडला दिलेली. तिच्या घरी दुभती जनावरं, म्हातारी सासू, तिचं येणं वर्षाकाठी दिवाळीला. वावर बटाईने होतं, बटाईदार पेरणीला दिसे आणि सोंगणीला दिसे. सोजराबाईने विहिरीजवळचे चार वाफे तेवढे स्वतःकडे ठेवले होते. पायऱ्या उतरून घागरी भरायच्या आणि झाडांना पाणी घालायचं. आठवड्याच्या बाजारी भाजी विकताना ती बोले, ते भावापुरतं. उरलेल्या दिवसांत कधी संध्याकाळी दिवा लावताना तिच्या ध्यानात येई, की आज आपला आवाज आपल्यालाही ऐकू आलेला नाही. मग ती उगाच मोठ्याने म्हणे, "चाल बाई, भाकर टाक."

जमीन देऊ केल्याची बातमी मळ्यात पोचायला दुसरा दिवस उजाडावा लागला नाही. धाकटा दीर भाऊराव बांधाच्या भांडणापासून तिच्या दारी आला नव्हता. तो आला, तो अंगणातूनच ओरडत.

"वैनी, डोस्कं फिरलं का तुमचं? साऱ्या शहराची घान आनून ओतता का इथं?"

"बसा, भाऊजी. चहा टाकतो."

"चहा नोको मले! उद्या आपल्या मळ्याची भाजी कोन घेईन? पोरीले स्थळ कोन आनीन इथं?"

"दूध नाही पन. काळा चालते ना?"

भाऊराव ओरडत राहिला आणि ती चूल फुंकत राहिली. दोन दगडांमध्ये जाळ धरला तेव्हा तिला वाटलं, याचा आवाज किती पुंजाजीसारखा आहे. चिडला की तोही शेवटचा शब्द असाच ओढायचा. भाऊराव अखेर काळा चहा पिऊन गेला. त्याच्यामागे अर्जुनराव आला, त्याची बायको अन्नपूर्णाबाई आली, बायकांचा एक घोळकाच आला. कुणी समजावलं, कुणी शिव्याशाप दिले, कुणी पुंजाजीची आठवण काढून डोळे पुसले. सोजराबाईने सगळ्यांसाठी गोधडी अंथरली. आलेलं माणूस उठायला लागलं, की ती नेमकं असं काही बोले की ते चिडून पुन्हा खाली बसे.

भांडायला काही उरलं नाही, तसे लोक यायचे थांबले. पण आता तिला वाट पाहायला काहीतरी होतं. तिने झोपडीच्या भिंती पांढऱ्या मातीने सारवल्या. शहरातून येणाऱ्या बैलांना पाणी लागेल म्हणून निंबाखालचा फुटका दगडी डोण चिखल-चुन्याने बुजवला. राखणदार कुठल्या गावचा असेल, त्याला भाकर ज्वारीची चालेल की बाजरीची, हाही विचार तिने करून ठेवला.

होळी झाल्यावर भगवंतराव पुन्हा आला. या वेळी एकटाच, सायकलीवर. त्याचा चेहरा उजळ होता.

"बाई, चांगली बातमी आहे. तुमची जमीन वाचली."

सोजराबाई डोणात पाणी ओतत होती. घागर तिने रिकामी होईपर्यंत तशीच धरली.

"वाचली म्हन्जे?"

"झेंड्यांच्या जागी खड्डे घेऊन पाहिले होते ना, तिथे कंबरभर खोलीलाच खडक लागतो. खडकावरून पाणी सरकत तुमच्या विहिरीत उतरेल. ते चालणार नाही. नाल्यापलीकडे टेकडीच्या अंगाला सरकारी पडीक आहे. तिथे माती खोल आहे, वारंही गावाकडे येत नाही. डेपो तिकडे मंजूर झाला. तुम्हाला कसलाच त्रास नाही आता."

"बरं झालं," ती म्हणाली.

भगवंतरावाने अंगणाकडे पाहिलं. सारवलेल्या भिंती पाहिल्या. भरलेला डोण पाहिला आणि मग, जवळपास कुठेच नसलेले बैल शोधत त्याची नजर मळ्यावरून फिरून आली. टोप काढून त्याने हातात धरला आणि निंबाच्या बुंध्याला टेकून बसला.

"तुमाले लेकरंबाळं?" सोजराबाईने विचारलं.

"नाहीत. बायको होती. ती गेल्यावर बदल्या मागून घेतो. एका जागी जीव लागत नाही."

"अन् लागला तर?"

"त्याआधीच निघतो." तो हसला, पण ते हसणं त्याच्या तोंडावर फार टिकलं नाही.

निंबावर होले घुमत होते. सोजराबाई म्हणाली, "तिकडं गाड्या कुठून जातीन?"

"मोठ्या रस्त्याने. पुलावरून वळसा घालून. फेरा पडतो बैलांना, पण इलाज नाही. इकडून सरळ नाला ओलांडला तर अर्धी वाट वाचेल, पण तुमचा आणि भाऊरावांचा बांध मध्ये येतो. मैल्याच्या गाड्यांना स्वतःच्या शेतातून वाट द्या, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? आराखड्यात मी तशी रेघ ओढलेलीच नाही."

"भाऊजीचा बांध नाही येत," सोजराबाई म्हणाली. "माहाच येते. वरच्या कोपऱ्यातून."

ती झोपडीत गेली आणि कुऱ्हाड घेऊन आली. वरच्या कोपऱ्यात पुंजाजीने लावलेलं बोरी-बाभळीचं कुंपण होतं. रानडुक्कर येऊ नये म्हणून त्याने ते दाट बसवलं होतं. सोजराबाईने पहिला घाव घातला तेव्हा भगवंतराव घाईने उठला.

"बाई, कशाला? लोक पुन्हा तुमच्यावर उठतील."

"उठू द्या," ती म्हणाली. घाव घालता घालता तिला दम लागला होता. "उठले तं येतीन तरी."

भगवंतरावाने टोप बांधावर ठेवला, बाह्या वर केल्या आणि तोडलेल्या काट्या ओढून बाजूला टाकू लागला. त्याच्या हातातून रक्त आलं. ती म्हणाली, हळद लावा. तो म्हणाला, असू दे. ऊन उतरेपर्यंत गाडी जाईल एवढी फट झाली. सायकलीवर बसताना त्याने वळून पाहिलं, पण पुन्हा येतो असं काही म्हटलं नाही, आणि तो पुढे आलाही नाही. पावसाळ्याआधीच त्याची चांद्याकडे बदली झाली असं बाजारात कुणीतरी बोललं.

लोकही उठले नाहीत. भाऊराव एकदा बांधावर येऊन फट पाहून गेला. डेपो लांब गेला होता, भाऊरावाचं काम झालं होतं. "म्हातारपनी असंच होते," एवढंच तो अर्जुनरावाला म्हणाला, आणि ते अन्नपूर्णाबाईने बाजारात सोजराबाईला सांगितलं.

चैत्र अर्धा सरला तेव्हा एका सकाळी पहिली गाडी आली. लोखंडी पिंपाची, पत्र्याच्या झाकणाची. गाडीवान फटीशी थांबला आणि खाली उतरून तिथेच उभा राहिला, आत न येता. काळा, किडकिडीत, डोक्याला फडकं बांधलेला माणूस. वास त्याच्याआधी येऊन पोचला. सोजराबाईचा हात पदराकडे गेला, नाकापर्यंत आला, आणि मग तिने पदर डोक्यावरून सारखा करून हात खाली घेतला.

"माय, इथून जाऊ का? सायेब सांगून गेल्ते, पन म्हनलं पुसून घ्यावं."

"जा ना. नाव काय तुह्यं?"

नाव विचारल्याने तो गोंधळला.

"कडूबा, माय."

"जा, कडूबा."

त्याने बैलांना चुचकारलं. पण फटीतून आत आल्यावर तो सरळ न जाता, झोपडीपासून होता होईल तेवढा लांब, नाल्याच्या काठाकाठाने गाडी काढू लागला. ढेकळांतून चाकं धडधडत होती, बैलांना ओढ बसत होती. तिच्या अंगणात घाण वास जाऊ नये म्हणून तो माणूस सगळं शेत वळसा घालून चालला होता. मागे वळून त्याने जातो म्हणून हातानेच खूण केली, एवढंच.

"अरे कडूबा!" सोजराबाईने हाक मारली. तिचा आवाज इतका मोठा निघाला की निंबावरचे होले उडाले. "उद्यापासून इकडून घे गाडी. घराजवळून."

"काऊन, माय?"

सोजराबाईने नाल्याकाठच्या त्या जमिनीकडे पाहिलं. उन्हाने तिला हातहातभर भेगा पडल्या होत्या.

"तिकडं चिखल असते," ती म्हणाली.