कापडात बांधलेला शब्दकोश

आधी ते हात जोडणं थांबवा, मित्रांनो. मी देव नाही. मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. लाल पुठ्ठ्याचा, जाडजूड, आणि थोडा चिडका.

सांगलीच्या एका दुकानातून सुकुमार मास्तरांनी मला कुंडलला आणलं. ते शाळेत इंग्रजी शिकवत. घरी आले की हातपाय धुऊन मला मांडीवर घेत. काय थाट होता माझा!

संध्याकाळी त्यांचे मित्र केरबा सुभेदार येत. पलटणीतून निवृत्त झालेला गडी, आवाज खणखणीत. दोघांचा एक खेळ होता. केरबांनी माझ्यातलं 'फॉर'ने सुरू होणाऱ्या शब्दांचं पान काढायचं, आज कुणीच बोलत नाही असा एखादा जुनाट शब्द मोठ्यानं वाचायचा आणि मास्तरांनी न बघता अर्थ सांगायचा.

"फॉरसूथ!"

"खरोखर, निश्चित."

"फॉरफेन्ड!"

"टळो, देव न करो."

"आयला मास्तर, आमच्या कर्नलला बी ठावं नसंल हे!" केरबा मांडीवर थाप मारत. मला तेव्हा लय भारी वाटायचं.

मग केरबा मुलाकडे पुण्याला गेले. त्याच वर्षी मास्तरांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. पुढं श्रुतपंचमी आली. त्या दिवशी जैन घरांत ग्रंथांना ऊन दाखवतात, नव्या कापडात बांधून त्यांची पूजा करतात. मास्तरांच्या पत्नी आक्काताईंनी ग्रंथांबरोबर मलाही पिवळ्या कापडात घट्ट बांधलं. "ह्यांच्या जिवाचा ग्रंथ हाय. कुणी हात लावायचा न्हाई," त्या म्हणाल्या.

मास्तर रोज कपाटाकडे बोट करायचे. "फ... फ..." आक्काताई मला काढायच्या, त्यांच्या कपाळाला लावायच्या आणि परत ठेवायच्या. "आवं, झालं न्हवं दर्शन? आता पडा बगू." मास्तर डोळे मिटून घ्यायचे. मला आतून ओरडावंसं वाटायचं, अगं बाई, गाठ सोड! पण माझं कोण ऐकतो? दरवर्षी कापड नवं, गाठ तीच. ऊन माझ्या पुठ्ठ्याला लागायचं, पानांना नाही. आत कसर लागली. ती मला खात राहिली आणि बाहेर माझी पूजा होत राहिली.

परवा केरबा आले. काठी टेकत, पण आवाज तोच. "आवं वैनी, मास्तरांचं लाल पुस्तक कुठं हाय?" त्यांनी सरळ गाठ सोडली. मास्तरांचा चेहरा किती दिवसांनी उजळला! केरबांनी तेच पान काढलं आणि जुन्या तोऱ्यात वाचलं,

"फॉरस्पेन्ट!"

मास्तरांचे ओठ हलले. "फ..." पुढं काही येईना. गालावरून पाणी ओघळलं.

"असू दे मास्तर, आज मी वाचून दावतो," म्हणत केरबांनी माझ्यावर बोट फिरवलं. शब्द शाबूत होता. अर्थाच्या जागी भोक होतं.

आक्काताई भिंतीला टेकून खाली बसल्या. "म्या तर जपलं हुतं वं..." त्या रडू लागल्या.

मित्रांनो, पुस्तकाला पाय लागला तर खुशाल नमस्कार करा, पण नंतर ते उघडा. मळू द्या, कोपरे दुमडू द्या, हरकत नाही. मला बांधून ठेवू नका. त्या शब्दाचा अर्थ आता माझ्यात नाही. या घरात तो एकट्या मास्तरांना ठाऊक आहे, आणि त्यांना बोलता येत नाही.