मोरिताची हजेरी

दोन हजार तेवीसच्या नोव्हेंबरात, दिवाळी उलटून आठवडा झाला होता तेव्हा, सातपाटीच्या कोळीवाड्यात मंगला चहाचा कप घेऊन माडीवर चढली आणि दारातच थांबली. पहाटेचे साडेपाच वाजले होते. जपानात नऊ. तिचा मुलगा ललित लॅपटॉपसमोर ताठ बसला होता. वर इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी. दहा दिवसांच्या सुटीवर आला होता, पण सुटी नावालाच.

पडद्यावर चार चौकोन होते. त्यातलं कुणीतरी काही बोललं. ललितने मान तुकवून उत्तर दिलं, बटण दाबलं आणि त्याच्या फोटोखाली हिरवा ठिपका उमटला. मग त्याने पडद्यावर दुसरं काही उघडलं, चार अक्षरं टाइप केली, पुन्हा बटण दाबलं. शेजारच्या रिकाम्या, करड्या चौकोनाखालीही हिरवा ठिपका आला.

बोलणं संपल्यावर ती आत आली.

“तो करडा कोन रे? फोटो नाय त्याचा.”

“मोरिता. माझ्या बाजूला बसायचा.”

“मंग त्याची हजेरी तू कशाला लावतोस? तो झोपलाय?”

“वारला तो, आई. फेब्रुवारीत. घरी टेबलावर डोकं टेकून झोपला, तो उठलाच नाय. चौतीस वर्षांचा होता.”

मंगलाने कप त्याच्यापुढे ठेवला. त्या हिरव्या ठिपक्याकडे तिने पुन्हा पाहिलं. आणि मग तिचा चेहरा निवळला, कारण असं काही तिने पूर्वी पाहिलं होतं.

एकोणनव्वद सालची गोष्ट. तिचा नवरा दिनानाथ तेव्हा स्वतःच्या बोटीवर तांडेल होता. मासवणकडचा नवशा नावाचा खलाशी त्याच्या बोटीवरून पडला आणि मिळालाच नाही. त्या बोटीची रीत अशी, की गेलेल्याचा वाटा होळीपर्यंत बंद करायचा नाही. मासळीचे वाटे पडले की दिनानाथ एकेक नाव पुकारी. “नवशा!” म्हणाला की सगळे खलाशी पायांकडे बघत, आणि मागे उभी असलेली नवशाची बायको जमना पुढे होऊन म्हणे, “हाय.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मंगलाच्या अंगावर काटा आला होता. पुढे सवय झाली. त्या एका ‘हाय’वर मासवणात एक चूल पेटत होती.

“चांगली मानसं हायत रे तुजी,” ती म्हणाली. “गेलेल्याचा वाटा चालू ठेवलाय. त्याच्या आयशीला पोचतो ना सगला?”

ललितचं बोट कपाच्या कडेवर फिरता फिरता थांबलं.

“पोचतो,” तो भिंतीकडे बघत म्हणाला.

त्या दिवशी बाजारात टोपली मांडताना मंगलाने चार जणींना ही गोष्ट सांगितली. बायका तिला थट्टेने ‘जपानवाली’ म्हणत आणि तिला ते आवडे. ललितचं विमान रविवारी होतं. परत गेला की नव्या करारावर सही करायची होती, आणखी तीन वर्षांच्या. पोरगा वाळलाय हे तिला दिसत होतं. झोपेतही त्याची बोटं चादरीवर टकटक करत. पण काम केल्याने कुणी मरत नाही, असं ती आयुष्यभर म्हणत आली होती.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला तिच्या नणंदेचा मुलगा नीलेश आला. तो बोईसरला कारखान्यात होता. माडीवर चढताच त्याने सुरू केलं.

“काय जपानी शेठ! तिकडं साडेनऊ वाजले ना? अजून बसलायस?”

“हजेरी आपल्या अडीचलाच बंद केली, तिकडच्या सहाला. आता नुसतं काम.”

“नुसतं काम! आमच्याकडं आठ तास झाले की भोंगा वाजतो. वर थांबवलं तर दुप्पट मोजून घेतो मी.”

“आमच्या पगारातच महिन्याचे पंचेचाळीस तास जादाचे धरलेत. त्याच्यावर बसलो तर बसलो.”

“आनि बसला नाय तर?”

“सगळेच बसतात रे.”

मंगला खाली सरंगा कापत होती. माडीवरचं बोलणं फळ्यांमधून थेट खाली येई.

“आमच्या कंपनीने आम्हाला दुसऱ्या कंपनीला भाड्याने दिलंय,” ललित सांगत होता. “ते माणशी पैसे देतात. चार माणसांचे. तीन म्हणून सांगितलं तर एकाचे कमी होतील.”

“म्हंजे तो मेलेला...”

“हळू बोल. आई खाली हाय.”

“त्याचं काम कोन करतो?”

“तिघं मिळून.”

“आनि पैसे? त्याच्या घरी?”

ललित हसला. ते हसू ऐकून मंगलाच्या हातातला कोयता माशाच्या मानेवरच राहिला. नीलेश खाली आला तेव्हा तिने त्याला जेवून जा म्हटलं, आणि तो नको म्हणाला तेव्हा आग्रहही केला नाही.

शुक्रवारी ललितला ताप भरला. पहाटे पाचचा गजर वाजला आणि वाजत राहिला. तो हलला नाही. मंगलाने वर येऊन गजर बंद केला. कितीतरी दिवसांनी पोरगा गाढ झोपला होता. उठवावा असं तिला वाटेना, आणि खाडा झाला तर त्याला बोल लागेल अशी भीतीही वाटत होती. बटण कुठलं ते तिने आठ दिवस पाहिलं होतं. आपणच लावावी एवढ्यापुरती, असं म्हणून ती खुर्चीत बसली.

साडेपाचला, रात्रभर चालूच राहिलेल्या लॅपटॉपवर, चौकोन आपोआप उघडले. तिने बोट पुढे नेलं.

करड्या चौकोनाखाली हिरवा ठिपका आला.

तिचं बोट हवेतच होतं, तोवर ललितच्या फोटोखालीही आला. फोटो सातपाटीच्या धक्क्यावरचा होता, मागे बोटी, ललित हसतोय. खाली रोजच्यासारखी ती किड्यामुंग्यांसारखी जपानी अक्षरं एकेक करून सरकत आली. कुणीतरी दोन शब्द बोललं. पुढच्या नावाकडे वळलं.

मंगलाने मागे वळून पाहिलं. ललित खाटेवर पालथा पडला होता. ती उठली, वाकली आणि त्याच्या नाकाखाली हात धरला. श्वास गरम होता. तरी तिने हात काढला नाही. पडद्यावरची माणसं जाईपर्यंत ती तशीच वाकून उभी राहिली.

ऊन खिडकीत आलं तेव्हा तो दचकून उठला.

“उठवलं का नाय? हजेरी...”

“लागली.”

“तू लावलीस?”

“नाय.”

तो धडपडत पडद्यापाशी गेला. बघितलं. मग सावकाश खुर्चीत बसला. त्याचा हात माउसवर गेला आणि तिथेच राहिला.

“ललित,” ती म्हणाली, “मोरिताची हजेरी तू पयल्यांदा लावलीस, ती कवा?”

“जानेवारीत. बरं नव्हतं त्याला. मॅनेजर म्हणाले, तू लावून टाक.”

“तवा जिता होता तो?”

ललितने तिच्याकडे पाहिलं. खाली गल्लीत कुणी बर्फ फोडत होतं.

“होता,” तो म्हणाला.

मंगलाने त्याच्या पायाशी रविवारसाठी भरून ठेवलेली बॅग उचलली, जिन्याने खाली नेली आणि कपडे धुवायला काढले.

रविवारचं विमान त्याच्याशिवाय गेलं. राजीनामा त्याने इथूनच धाडला. पोचल्याचं उत्तर आलं नाही. नीलेशच्या ओळखीने तो बोईसरला एका कारखान्यात संगणकाच्या खात्यात लागला. पगार तिसऱ्या हिश्श्याचा. भोंगा झाल्यावरही पहिले दोन महिने तो जागचा उठत नसे, नीलेश दंडाला धरून बाहेर काढी. नीलेशने पुढे लग्न केलं आणि वाणगावला बिऱ्हाड केलं. मासवणची जमना पुढच्या पावसाळ्यात वारली. मंगला तिच्या दिवसकार्याला जाऊन आली. बाजारात तिला आता कुणी जपानवाली म्हणत नाही.

दोन हजार पंचविसात ललितला पुण्याच्या नोकरीसाठी अनुभवाचा दाखला हवा होता. मिळणार नाही असं धरूनच त्याने मागितला. दुसऱ्याच दिवशी आला, शिक्क्यासकट. तो अंगणात उभा राहून मोबाइलवर वाचत होता.

“काय लिवलंय?” मंगलाने विचारलं.

“चांगलं लिहिलंय. मागच्या महिन्यापर्यंतचं हाय.” त्याने मोबाइल खिशात टाकला. “एक पन खाडा नाय, आई.”