बडबड्याचं कपाट

मी कपाट. आज तोंड उघडतोय, तर मध्येच कुणी ‘मोठ्यांसमोर बोलू नये’ म्हणून डोळे वटारायचे नाहीत. मोठ्यांचं ऐकून ऐकूनच माझी फळी न् फळी किडली आहे.

माझा जन्म घाईचा. सुताराने ओलं लाकूड वापरलं. “वाळेल की,” म्हणाला. वाळलो, पण वाळताना वाकलो, आणि माझं दार लागेना. लावलं की आपोआप उघडायचं. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं, तर सुताराने दाराला रंधा मारायचेही कष्ट घेतले नाहीत. बाहेरून एक लोखंडी कडी ठोकून दिली आणि मोकळा झाला. आतलं वाकडं आतच ठेवायचं आणि बाहेरून कडी घालायची, ही मोठ्या माणसांची आवडती दुरुस्ती.

ते गिऱ्हाईक म्हणजे बाप. बस डेपोत मेकॅनिक होता. दिवसभर साहेबाच्या शिव्या खायच्या आणि संध्याकाळी त्या घरात वाटायच्या, हा त्याचा जोडधंदा. आई लोकांचे कपडे आणून घरी इस्त्री करायची. कडक शर्ट, कोट, पडदे, सगळं माझ्यात टांगलेलं. आणि या दोघांचा एकुलता एक पोरगा. तोंडाचा पट्टा कायम सुरू, म्हणून गल्ली त्याला बडबड्या म्हणायची.

एकदा जेवताना बाप म्हणाला, “खोटं बोललं की जीभ झडते.”

“मग तुमची कशी शाबूत?” पोरगा म्हणाला. “सकाळी साहेबांना ‘मला ताप आलाय’ म्हणालात आणि दिवसभर पत्ते खेळलात.”

आईला हसू फुटलं. ते हसू पोराला महागात पडलं. बापाने त्याची मानगूट धरली, माझं दार उघडलं आणि त्याला आत ढकललं.

“लोकांचे कपडे आहेत. एका जरी शर्टाला सुरकुती पडली, तर सोलून काढीन.”

कडी लागली. आत मिट्ट काळोख. पोराला टेकता येईना, बसता येईना, हात हलवता येईना. सुरकुतीची भीती. हलवता येण्यासारखी एक जीभच तेवढी उरली होती. बाहेर आईची इस्त्री सुरू होती. धप्प, सर्र. धप्प, सर्र. त्या ठेक्यावर तो पुटपुटायला लागला. आधी नुसती कपड्यांची नावं, मग बापाची, मग जे सुचेल ते, पण शेवट जुळवून. ठेका धरला की रडू येत नाही, हे त्याला माझ्या पोटात कळलं.

मला काय करता येत होतं? आपणहून उघडायची खोड असलेलं माझं दार, नेमकं तेव्हाच उघडत नव्हतं.

मग ती रीतच पडली. उलट बोलला, आत. चमचा पडला, आत. साहेब बापावर खेकसला, तरी आत पोरगाच. शाळेत मास्तर त्याला वर्गाबाहेर काढायचे आणि घरी बाप कपाटात घालायचा. नववीत त्याने शाळा सोडली. शाळेने त्याला त्याच्या आधीच सोडलं होतं.

पुढे त्याच्या हाती एक तडा गेलेला मोबाईल आला. स्वतःची गाणी त्यात भरायला लागला, पण खोलीत आवाज घुमायचा. त्यात पंखा, बापाच्या खोकल्याची उबळ, शेजारची भांडणं. एक दिवस तो माझ्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मग स्वतःच्या पायाने आत आला. दारात चप्पल अडकवून ठेवली, बाहेरून कुणी कडी घालू नये म्हणून. कोट आणि पडद्यांच्या गर्दीत आवाज घुमत नाही, स्वच्छ आणि जाड येतो. हे त्याला सांगणारं कुणी नव्हतं. आतल्या शांततेची त्याला लहानपणापासून ओळख होती.

तिथे त्याने हे गायलं:

*कडी तुझ्या हातात, मी आत,*
*दिवसाढवळ्या माझी रात.*
*तू म्हणतोस वळण लावलं,*
*मी म्हणतो पोर पुरलं.*

गाताना त्याच्या घामाने एक कोट भिजला. पहिल्यांदाच त्याला कोटाची भीती वाटली नाही. माझा ऊर भरून आला होता. कपाटाला ऊर कुठला म्हणाल, तर पोर आत घालणाऱ्यांना तरी कुठे असतो?

गाणं मोबाईलवरून मोबाईलवर गेलं. सलूनमध्ये वाजलं, बसमध्ये वाजलं, बापाच्या डेपोतही वाजलं. पोरं भिंतींवर त्या ओळी लिहायला लागली. बडबड्या हेच त्याचं नाव झालं आणि ते नाव पोस्टरवर चढलं. ‘गाणं म्हणजे भिकेचे डोहाळे’ म्हणणारा मामा आता त्याचा मॅनेजर झाला.

मोठी कंपनी आली. पहिला अल्बम, मोठमोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम. फक्त एक अडचण, मामाने घरी बैठक बसवून सांगितली. “तिकिटं आईबाप काढतात रे. बापाला शिव्या ऐकायला कोण येईल? ओळी तेवढ्या बदल.”

“त्या चारच तर ओळी माझ्या आहेत, मामा. बाकी सगळं तुम्ही घ्या.”

“जन्म दिला, वाढवलं,” बाप माझ्याकडे पाठ करून म्हणाला, “आणि हा आम्हाला चव्हाट्यावर आणतो.”

आई म्हणाली, “जाऊ दे ना रे, थकलेत आता ते.”

पोरगा तिच्याकडे वळला. “आई, तू दोन हातांच्या अंतरावर इस्त्री करत होतीस. तुला ऐकू येत होतं ना?”

तिने पदराची सुरकुती बोटाने सपाट केली. “इस्त्री थांबवली की ते जास्त चिडायचे,” म्हणाली.

आठवडाभर आई जेवली नाही. मामा रोज येऊन समजावायचा, बाप रोज समोर बसून खोकायचा. शेवटी पोरगा म्हणाला, “लिहा तुम्हीच.” मामाने लिहिलं:

*कडी तुझ्या हातात, मी आत,*
*अंधारातही तुझी साथ.*
*तूच बाबा लावलंस वळण,*
*म्हणून उजळलं माझं जीवन.*

हे प्रचंड चाललं. पहिल्यापेक्षा दसपट. आता शाळांच्या स्नेहसंमेलनात पालक ते डोळे पुसत ऐकतात. मी ओरडून सांगावं म्हटलं, तर कपाट करकरतं फार तर. लोक म्हणतात, तेल घाला.

मग स्टेज सजवणाऱ्या बाईंना कल्पना सुचली, की बडबड्याने थेट कपाटातूनच स्टेजवर यायचं. नवं कशाला, घरातलं खरं कपाटच आणू, म्हणाल्या! चार हमालांनी मला उचललं. रंग दिला, दिवे लावले. पण दार वाकडं ते वाकडंच, लावलं की उघडतंय.

“मी आतून धरतो,” पोरगा म्हणाला.

“दार हलताना दिसतं,” बाई म्हणाल्या. “कडी लावू की.”

“कडी नको.”

“अरे, दोन मिनिटांचा प्रश्न!” मामाचे डोळे चमकले. “आणि कडी बाबांनीच लावायची, बाबांनीच काढायची. पब्लिक रडेल!”

पोराने सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. इतका मोठा स्टार, पण त्या खोलीत त्याच्या बाजूचा एक माणूस नव्हता. मी होतो. माझा काय उपयोग?

आता प्रत्येक कार्यक्रमात हेच चालतं. दिवे मालवतात, पोरगा आत येतो, बाप कडी लावतो. मग माईक हातात घेऊन दोन शब्द बोलतो. सुरुवातीला दोनच होते. टाळ्या पडायला लागल्या तसे वाढले. “मुलांना धाक हवा,” म्हणतो. “आम्ही कडक होतो म्हणून हा हिरा घडला.” आणि हजारो आईबाप टाळ्या वाजवतात, शेजारी बसलेल्या आपापल्या पोरांकडे बघत.

तुम्ही कधी आलात, तर एवढंच करा. तुमच्या रांगेत एखादं पोर टाळ्या वाजवत नसेल, तर त्याला कोपर मारू नका. त्याला काहीतरी माहीत आहे.

आत्ताही कार्यक्रम सुरू आहे. पोराच्या अंगाला कापरं भरलंय आणि ते माझ्या फळ्यांना लागतंय. तो पुटपुटत नाही. आता त्याला ठेका धरायला काहीच नाही. बाहेर टाळ्यांचा पाऊस पडतोय, आणि बाप अजून बोलतोय.