पंधरा मीटरच्या आत

प्रदीप वैशंपायन जर्मनीत रेगेन्सबर्गला गाड्यांच्या वायपरच्या मोटर बनवणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा, आणि शनिवारी त्याच कंपनीच्या फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक असायचा. हा फुटबॉल अमेरिकन पद्धतीचा, म्हणजे लांबुडका चेंडू हाताने फेकायचा. त्यातही यांचा प्रकार सौम्य होता. कुणी कुणाच्या अंगावर पडायचं नाही. पळणाऱ्याच्या कमरेची पट्टी ओढली की तो थांबला. क्वार्टरबॅकने मागे उभं राहून चेंडू कुणाकडे फेकायचा ते ठरवायचं आणि फेकायचा, एवढंच.

साताऱ्याच्या कॉलेजात प्रदीप सीमारेषेवर उभा राहायचा आणि तिथून थेट विकेटकीपरच्या ग्लव्हजमध्ये चेंडू टाकायचा. जर्मनीत आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात, कंपनीच्या पार्टीत कुणाचा तरी चेंडू पार्किंगमध्ये गेला. प्रदीपने तो कँटीनच्या छपरावरून परत फेकला. टीमचा कोच ब्रांडल तेव्हा बटाट्याचं सॅलड खात होता. त्याने प्लेट खाली ठेवली आणि हे मुद्दाम केलं की चुकून झालं, असं विचारलं. तेव्हापासून प्रदीप क्वार्टरबॅक.

आता तो सत्तावन्न वर्षांचा झाला होता. जवळचे पास अजून सुईत दोरा ओवावा तसे जायचे, पण लांबचा पास मधेच दमायचा. त्याचे पास झेलणारा टोबियास मैदानाच्या पार टोकाला जाऊन हात वर करून उभा राहायचा आणि चेंडू बराच अलीकडे गवतात पडायचा. मग टोबियास चालत येऊन तो असा उचलायचा, की जणू त्याच्याच खिशातून पडला होता. यावर कुणी काही बोलत नसे. फक्त प्रदीपची बायको प्रमोदिनी घरी जाताना गाडीत म्हणायची, "अहो, आता जवळजवळ फेकत जा." प्रदीप दोष वाऱ्यावर ढकलायचा.

ब्रांडलला प्रदीपला दुखवायचं नव्हतं. म्हणून तो कंपनीच्या बेट्रीब्सराटकडे, म्हणजे कामगारांचे हक्क सांभाळणाऱ्या समितीकडे गेला. जागा सोडण्याबद्दल प्रदीपशी जरा गोड शब्दांत बोलाल का, एवढंच त्याला विचारायचं होतं. पण समितीच्या प्रमुख फ्राऊ हुट्नर यांना अर्धवट काम आवडत नसे. त्यांनी चौकशी केली. गुरुवारचा सराव शिफ्ट संपायच्या आधी सुरू व्हायचा, त्यामुळे फेकणं हे कामच ठरत होतं. प्रदीप पंचावन्नच्या पुढचा. खांद्याच्या वर हात नेऊन करायचं काम या वयाच्या माणसाला द्यायचं, तर आधी तपासणी व्हायला हवी होती, आणि इतकी वर्षं ती झालीच नव्हती.

मग म्युनिकहून एक तज्ज्ञ आला. त्याने प्रदीपच्या खांद्यावर कागदी ठिपके चिकटवले, फेकायला लावलं, कोन मोजले. शेवटचा पास फेकताना त्याने मधेच हात धरून थांबवलं आणि म्हणाला, पुरे, आलं लक्षात. महिन्याभरात लेखी करार झाला. हेर, म्हणजे श्रीयुत, वैशंपायन यांना पंधरा मीटरच्या पुढे चेंडू फेकायला लावता येणार नाही आणि त्यांनी तो स्वतःहूनही फेकायचा नाही. फ्राऊ हुट्नर यांनी अभिनंदन केलं आणि निवडुंगाची एक कुंडी हातात दिली. मी हे मागितलंच नव्हतं, असं प्रदीपने सांगून पाहिलं.

"हे बघा, हेर वैशंपायन," त्या प्रेमाने म्हणाल्या, "हक्क मागावा लागत नाही. तो असतो."

इतक्या सभ्य माणसांवर रागवायचं कसं, ते प्रदीपला कळेना. घरी त्याने विषय काढला, तेव्हा त्याची मुलगी केया फोनमधून डोकं न काढता जर्मनमध्ये म्हणाली की बरंच झालं की मग.  प्रमोदिनीने कुंडी खिडकीत ठेवली.

पुढची अडचण नियमांनीच आणली. खेळ न्यायाने व्हावा म्हणून ही मर्यादा समोरच्या टीमलाही कळवावी लागे. साहजिकच समोरचे सगळे पंधरा मीटरच्या आत येऊन उभे राहू लागले, आणि रेगेन्सबर्गची टीम एकामागून एक मॅच हरू लागली. प्रदीपला कुणी दोष दिला नाही. उलट दर हारीनंतर लोक त्याच्या खांद्याची चौकशी करायचे.

ऑगस्टमध्ये लांड्सहूटची मॅच आली. ती टीम दाराच्या बिजागऱ्या बनवणाऱ्या कंपनीची. त्यांचा क्वार्टरबॅक लोथार एकसष्ट वर्षांचा होता आणि त्यांच्याही समितीने नुकताच करार केला होता. त्याची मर्यादा बारा मीटर. लाउडस्पीकरवरून दोन्ही आकडे जाहीर झाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दोन्ही टीम मैदानाच्या मधोमध दाटीवाटीने खेळू लागल्या. उरलेलं मैदान रिकामं. अर्धी मॅच झाल्यावर कडेला उन्हात बसलेल्या लोकांच्या लक्षात आलं, की टोकाच्या लिंडनच्या झाडाची सावली आत मैदानावर पडली आहे आणि तिथे तर काही घडणारच नाही. त्यांनी बाकडी आत आणली. मग बिअरची टेबलं आली. सॉसेज भाजणाऱ्याने आपली शेगडी थेट टोकाच्या पट्ट्यात ओढली, जिथे चेंडू झेलला की गुण मिळतात. रेफरीने थोडा वेळ विचार करून फक्त छत्र्या मिटायला सांगितल्या. टोबियासला करण्यासारखं काही नव्हतं. तोही जाऊन सॉसेजच्या रांगेत उभा राहिला.

पुढच्या डावात प्रदीपच्या हातात चेंडू आला तेव्हा त्याच्यासमोर माणसं अशी उभी होती, की एकाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीत. त्यातला लांड्सहूटचा एक दाढीवाला कळकळीने त्याला म्हणाला की घाई करू नका, खांदा सांभाळून फेका. प्रदीपने पुढे सगळ्यांना सांगितलं, की समितीचा राग नव्हता, वयाचाही नव्हता. त्या दाढीवाल्याच्या काळजीने डोकं फिरलं.

त्याने हात मागे नेला आणि फेकला.

चेंडू डोक्यांवरून गेला, बाकड्यांवरून गेला. बिअर पिणाऱ्यांनी माना वर केल्या. संत्रं सोलत बसलेली प्रमोदिनी उभी राहिली. टोबियासला नुकतंच सॉसेज मिळालं होतं आणि तो त्यावर मोहरी घालत होता. कुणीतरी त्याचं नाव घेतलं. त्याने वळून पाहिलं आणि चेंडू छातीशी धरला, सॉसेजसकट. रेफरीने दोन्ही हात वर केले, म्हणजे गुण मिळाले. खेळाच्या नियमांत तर काही चूक नव्हती.

कुणी ओरडलं नाही. सगळे फ्राऊ हुट्नर यांच्याकडे बघत होते. त्यांनी पर्समधून पेन काढलं.

समोरून लोथार चालत आला आणि प्रदीपच्या शेजारी उभा राहिला.

"दुखतंय?" त्याने विचारलं.

"खूप."

"मलाही असंच दुखायला हवंय," लोथार म्हणाला आणि आपल्या जागेवर गेला.

पुढच्या पासला त्याने सगळा जोर लावला. चेंडू डुगडुगत गेला आणि गवतावर पडला. लांड्सहूटच्या समितीच्या माणसाने टेप लावला. बारा मीटरच्या अर्धा मीटर पुढे.

सोमवारी प्रदीपला अबमानुंग मिळाली, म्हणजे कंपनीची लेखी ताकीद. हात वर जात नव्हता, म्हणून पाकीट प्रमोदिनीने फोडलं. कंपनीचा चेंडू परवानगीशिवाय एकोणचाळीस मीटर फेकला, अंतर मोहरीच्या डागापर्यंत मोजलं, असं त्यात होतं. प्रमोदिनीने ते वाचलं आणि मग आकड्याची ओळ पुन्हा मोठ्याने वाचली.

खांदा जरा हलू लागल्यावर प्रदीप स्वतःच ब्रांडलकडे गेला. तसा पास आता परत येणार नाही, होतं नव्हतं ते सगळं त्यात गेलं, असं त्याने सांगितलं. क्वार्टरबॅक दुसरा बघा. ब्रांडलने मोठा श्वास सोडला आणि कबूल केलं, की त्याला वसंतात एवढंच विचारायचं होतं.

"मग विचारलं का नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं," ब्रांडल म्हणाला.

प्रदीपने जरा विचार केला. "वाटलं असतं," तो म्हणाला. मग दोघं कॉफी प्यायला गेले.

सप्टेंबरमध्ये लोथारचा फोन आला. आवाज पडलेला होता. त्याला ताकीद मिळालीच नव्हती. अर्धा मीटर मोजमापाच्या चुकीत धरून समितीने प्रकरण मिटवलं होतं. त्याने विरोध नोंदवला होता, पण त्याला साक्षीदार हवा होता. प्रदीपने त्याच दिवशी लिहून दिलं, की चेंडू बाराच्या बराच पुढे पडला हे आपण स्वतः पाहिलं, आणि त्या पासमागे हेतू अगदी स्पष्ट होता.

लोथारला ताकीद मिळाली. त्या रविवारी त्याने प्रदीप आणि प्रमोदिनीला लांड्सहूटला कॉफीला बोलावलं. प्रमोदिनीने बेसनाचे लाडू नेले. ताकिदीचा कागद भिंतीवर चौकटीत लावलेला होता. प्रदीप आणि लोथार त्याच्याखाली बसून, नवीन लोकांना चेंडू धरताच येत नाही, यावर फार वेळ बोलत राहिले. हात डोक्यापर्यंत अजून दोघांचाही जात नव्हता. स्वयंपाकघरात लोथारची बायको इंगे प्रमोदिनीला हळूच विचारत होती, की तुम्ही त्यांचे केस विंचरता तेव्हा भांग कुठल्या बाजूला पाडायचा हे कोण ठरवतं.