रिकाम्या आकाशातला ठोका

"सर, तो तारा नाही," सुलेखा म्हणाली.

विश्वजीत सरांनी मान वर केली नाही. शोधाची घोषणा दुपारी पाठवायची होती, ते शेवटची ओळ वाचत होते. "काय म्हणालात?"

"आपला पल्सार. तो पल्सार नाही."

सुलेखा चव्वेचाळीस वर्षांची. बारा वर्षं तिनं तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवलं. ते तास बंद झाल्यावर दोन वर्षांपूर्वी ती सरांच्या प्रकल्पात आली. लाखो तारे दाटीनं बसलेल्या एका तारकागुच्छात पल्सार शोधायचे, म्हणजे गरगर फिरत नेमानं रेडिओ लहरींचे ठोके देणारे मृत तारे. दुर्बिणीनं टिपलेल्या गोंगाटातून संगणक संशयित ठोक्यांची चित्रं काढी. सुलेखा ती एकेक करून डोळ्यांनी तपासायची. बहुतेक मोबाइल टॉवर निघत, नाहीतर विजेच्या तारा. तीन आठवड्यांपूर्वी एक ठोका वेगळा वाटला. दुसऱ्या दिवशीच्या नोंदीतही तो होता.

"तुम्हीच म्हणत होता ना, हाच तो?"

"म्हणत होते. पण काल शेजारच्या रिकाम्या आकाशाची नोंद उघडली. तिथंही तोच ठोका आहे, तेवढ्याच वेळानं पडणारा. ताऱ्याचा असता तर फक्त गुच्छाच्या दिशेला दिसला असता. म्हणजे तो आपल्या जमिनीवरचाच."

सरांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बराच वेळ पाहिली.

"सुलेखाताई, हे गेलं असतं तर प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली असती. तुमची जागा त्यावरच आहे."

"माहीत आहे, सर."

सरांनी ती घोषणा पुसून टाकली आणि ते चष्मा काढून डोळे चोळत बसले.

पुंडलिकनगरच्या घरी केसरबाई वाटच बघत होत्या. लेकीला तारा सापडल्याचं त्यांनी विहारात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. रविवारी वंदनेनंतर बाया तिचा सत्कार करणार होत्या.

"आई, सत्कार नको. चूक झाली माझी."

केसरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मग चूक धरली कुणी?"

"मीच."

"तू नसती धरली तर?"

"कागद गेला असता. सहा-आठ महिन्यांनी दुसऱ्या कुणीतरी धरली असती."

"आन् तुझी नोकरी?"

सुलेखा हात धुवायला उठली. केसरबाईंनी ताट वाढलं.

रविवारी वंदना संपल्यावर केसरबाई आपणहून उभ्या राहिल्या. "माझ्या पोरीला तारा सापडला नाय," त्या म्हणाल्या. "सापडला म्हणून जगाला कळवणार व्हते. तिनं थांबवलं. एवढंच सांगायचं व्हतं." बायांना टाळ्या वाजवाव्यात की नाही कळेना. शेवटी आशाबाई उठल्या. "हार आणलाय, तं घालते बापा," म्हणत त्यांनी तो सुलेखाच्या गळ्यात घातला. सुलेखाला मान वर करवेना.

महिनाअखेरीस प्रकल्प संपला. शेवटच्या दिवशी चारशे चित्रं तपासायची उरली होती. त्यात काही सापडेल असं सरांनाही वाटत नव्हतं. संध्याकाळी शिपाई बन्सी किल्ल्या घेऊन दारात आला, तेव्हा ती पडद्यापुढंच बसली होती.

"मॅडम, ऱ्हाऊ द्या की आता. कोण इचारणार हाय?"

"दहाच राहिलीत, बन्सीभाऊ."

बन्सीनं घड्याळाकडं पाहिलं, किल्ल्या खिशात टाकल्या आणि स्टूल ओढून तो दाराशी बसला.